उपवास, पारणे आणि रसाहार : इतिहासातील एक जमाखर्च

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला तेव्हा प्रथम संकोच वाटला. आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. लेखणीचा संबंध बहुतांशी रोजकीर्द आणि खतावणीपुरताच. तथापि गेली काही वर्षे चातुर्मासात एक प्रश्न वारंवार कानी पडतो. कोणी म्हणतो, "मीही उपवासच करतो आहे, फक्त गाजर-बीटाचा रस घेतो." कोणी विचारतो, "रसावर आठ दिवस राहिले, तर अठ्ठाईइतकाच लाभ नाही का?" कोणी सांगतो की रसाने शरीर आतून धुतले जाते, तर कोणी हे सारे थोतांड म्हणून उडवून लावतो. उपवास हा आपल्या समाजाचा प्राण आहे. म्हणून या रसाहाराचा इतिहास पाहावा आणि व्यापाऱ्याच्या सवयीने त्याची जमा व नावे बाजू मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या परंपरेतील उपवास

उपवास या शब्दाचा अर्थ आत्म्याच्या समीप वास करणे, असा आपले साधुसंत व्याख्यानातून सांगत आले आहेत. अन्नाचा त्याग हे त्याचे बाह्य रूप. उमास्वाती आचार्यांनी तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांत पहिले अनशन, दुसरे भुकेपेक्षा कमी खाणे आणि चौथे रसपरित्याग. हा चौथा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. येथे रस म्हणजे फळांचा रस नव्हे, तर जिभेला गोडी लावणारे पदार्थ. दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि तळलेले पदार्थ या सहा विगया आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. आयंबिलात याच वर्ज्य करून एकदाच रूक्ष अन्न घ्यायचे असते. म्हणजे आपल्या तपाचा एक संपूर्ण प्रकार रस सोडण्यासाठी आहे, आणि आजच्या रसाहाराचा पायाच रस घेण्यावर आहे. शब्द एक, दिशा परस्परविरुद्ध!

उपवासाच्या पच्चक्खाणातही ही रेषा स्पष्ट आहे. चौविहार उपवासात चारही आहारांचा त्याग असतो. तिविहार उपवासात केवळ उकळून गार केलेले पाणी, तेही दिवसाउजेडी, चालते. फळाचा अथवा भाजीचा रस कितीही पातळ असला तरी तो आहारच होय. येथे कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात तप आणि त्याग शक्तीनुसार करण्याची दृष्टी आहे. ज्याला उपवास झेपत नाही त्याच्यासाठी एकासणे आहे, बियासणे आहे, नवकारसी आहे. पायऱ्या अनेक आहेत. मात्र प्रत्येक पायरीला तिचे स्वतःचे नाव आहे.

मग आपल्या परंपरेत रसाला स्थानच नाही काय? आहे, आणि ते अत्यंत गौरवाचे आहे. भगवान ऋषभदेवांनी दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ निराहार विहार केला. साधूला आहार कसा द्यावा हे लोकांना ठाऊक नव्हते. कोणी रत्ने पुढे करी, कोणी हत्ती-घोडे. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने त्यांना उसाचा रस वहोरावला. तो दिवस अक्षय तृतीयेचा, अशी आपली श्रद्धा आहे. आजही वर्षीतपाची पारणी त्या दिवशी हस्तिनापूर, पालिताणा आणि गावोगावीच्या संघांत इक्षुरसानेच होतात. अर्थात आपल्याकडे रस येतो तो उपवासाच्या शेवटी, पारण्याच्या वेळी. तो उपवास सोडण्याचे साधन आहे, करण्याचे नव्हे.

आपल्या पूर्वजांचा व्यवहारही येथे ध्यानात घ्यावा. वर्षीतपात एक दिवसाआड आहार चालू असल्याने त्याच्या पारण्याला रस सोसतो. परंतु अठ्ठाई, पंधरा उपवास किंवा मासखमणाचे पारणे असेल, तर घरातील जाणत्या बायका प्रथम मुगाचे पाणी, मग पातळ राब, आणि पुढे दोन-चार दिवसांनी हळूहळू जेवण, असा क्रम ठेवीत. माझी आई तर अठ्ठाईच्या पारण्याला आलेल्या पाहुण्यांनी आणलेली मिठाई तपस्व्याच्या नजरेसही पडू देत नसे. तिने वैद्यकशास्त्र वाचलेले नव्हते; पण ती जे करीत होती त्याचे कारण शास्त्राने पुढे शोधून काढले. ते ओघात येईलच.

पश्चिमेकडील उपवासचिकित्सा

आरोग्यासाठी उपवास ही कल्पना पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकात जोर धरू लागली. १८८० साली डॉ. हेन्री टॅनर यांनी न्यूयॉर्कमध्ये लोकांसमक्ष चाळीस दिवसांचा उपवास केला. तेथील वृत्तपत्रांनी त्यांच्या प्रकृतीच्या बातम्या रोज छापल्या आणि उपवासाविषयी सर्वत्र कुतूहल निर्माण झाले.

या कुतूहलाची एक काळी बाजूही आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ओलाला येथे लिंडा हॅझार्ड नावाची बाई उपवासाचे चिकित्सालय चालवीत असे. रुग्णांना आठवडेच्या आठवडे भाज्यांचे पातळ कढण आणि थोडासा फळांचा रस, एवढ्यावरच ती ठेवी. तिच्याकडे अनेक रुग्ण दगावले. १९११ साली एका श्रीमंत इंग्रज युवतीचा मृत्यू झाला, तेव्हा खटला उभा राहिला आणि १९१२ साली हॅझार्डला मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. पुढे १९३८ साली स्वतःवर उपवासाचा प्रयोग करतानाच तिचाही अंत झाला. आपल्या पद्धतीवर तिची श्रद्धा खरी असावी. परंतु केवळ श्रद्धेने रुग्ण वाचत नाही.

आज ज्याला आपण रसाहार म्हणतो त्याला शिस्त लावली ती जर्मनीचे डॉ. ओटो बुखिंगर यांनी. ते नौदलात डॉक्टर होते. सांधेदुखीने पार जखडून गेल्यावर १९१९ साली त्यांनी एका डॉक्टरांच्या देखरेखीखाली १९ दिवसांचा उपवास केला आणि त्यांना मोठा आराम पडला. १९२० साली त्यांनी स्वतःचे चिकित्सालय काढले आणि १९३५ साली उपवासचिकित्सेवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या पद्धतीत भाज्यांचे गाळलेले सूप, फळांचा थोडा रस आणि किंचित मध असे. दिवसाकाठी सुमारे अडीचशे कॅलरी एवढेच पोषण. १९५३ साली बोडेनसे सरोवराकाठी युबरलिंगन येथे निघालेले चिकित्सालय आजही त्यांच्या नावाने चालू आहे. हॅझार्ड आणि बुखिंगर यांनी रुग्णापुढे ठेवलेला पेला जवळजवळ सारखाच होता. फरक होता तो रुग्णाची निवड, दिवसांची मर्यादा आणि रोजची वैद्यकीय तपासणी यांत.

गांधीजी, पुणे आणि उरळीकांचन

भारतात उपवास आणि निसर्गोपचार यांची सांगड महात्मा गांधींनी घातली. त्यांच्या जडणघडणीत जैन संस्कारांचा वाटा मोठा आहे. १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली होती. १८९१ साली परतल्यावर मुंबईत त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. जवाहिराचा व्यापार करीत आत्मचिंतनात मग्न असलेल्या त्या पुरुषाचा ठसा गांधीजींवर जन्मभर राहिला. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेत त्यांनी कुहने आणि युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके वाचून पाणी आणि मातीचे प्रयोग केले. आपल्या आत्मकथेत तेथील प्रायश्चित्ताच्या उपवासांविषयी लिहिताना ते प्रांजळपणे कबूल करतात की उपवासात भरपूर पाणी पिण्याचे महत्त्व त्या वेळी त्यांना उमगले नव्हते आणि त्याचा त्रास शरीराला भोगावा लागला.

त्यांचे तीन प्रसिद्ध उपवास आपल्या पुण्यात झाले. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगातील उपवास २० तारखेस सुरू होऊन २६ तारखेस संत्र्याच्या रसाने सुटला; त्या वेळी रवींद्रनाथ टागोर उपस्थित होते. ८ मे १९३३ रोजी सुरू झालेला २१ दिवसांचा उपवास लेडी ठाकरसी यांच्या पर्णकुटी बंगल्यात २९ मे रोजी सुटला. तिसरा आगाखान पॅलेसमध्ये, १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३. आमरण उपोषण करणाऱ्या नेत्याच्या हाती शेवटी रसाचा पेला देण्याची जी प्रथा आज आपण पाहतो, ती याच प्रसंगांनी लोकांच्या मनात रुजली. येथेही रस पारण्यालाच आला, हे विशेष.

मात्र १९४३ च्या उपवासात एक गोष्ट वेगळी घडली. गांधीजी तेव्हा ७३ वर्षांचे होते. हल्ली आपल्याला नुसते पाणी सोसत नाही, म्हणून या वेळी पाणी पिता यावे एवढ्यासाठी त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस मिसळणार, हे त्यांनी उपवास सुरू होण्यापूर्वीच व्हाइसरॉयला पत्राने कळविले होते. हा प्राणांतिक उपवास नसून शक्तीनुसार केलेला उपवास आहे, हेही त्यांनी आधीच सांगितले. पुढे प्रकृती चिंताजनक झाली तेव्हा त्यांनी मोसंबीचा थोडा रस पाण्यातून घेतला, आणि त्याबद्दल काही लपविले नाही. सवलत घ्यावी लागली, तर ती आधी जाहीर करून घ्यावी, हा या प्रसंगाचा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. तेथे गांधीजी राहत असत. मार्च १९४६ मध्ये ते पुणे-सोलापूर मार्गावरील उरळीकांचन येथे गेले, खेड्यातील गरीब रुग्णांवर उपचार केले आणि मणिभाई देसाई यांच्या हाती ते काम सोपविले. तेथील निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. मातीची पट्टी, कटिस्नान, एनिमा आणि रसाहार हे शब्द महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पोहोचले त्यात या आश्रमाचा वाटा मोठा आहे. आपल्या समाजातील कितीतरी मंडळी तेथे जाऊन आली आहेत.

जमा बाजू

आता हिशेबाकडे वळू. रसाहाराच्या जमा बाजूस निश्चित नोंदी आहेत.

पहिली नोंद शरीरशास्त्राची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील डॉ. जेम्स गॅम्बल यांनी समुद्रात तराफ्यावर अडकलेल्या सैनिकांसाठी कमीत कमी शिधा कोणता असावा, याचा अभ्यास केला. निराहार माणसास दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम साखर दिली, तर शरीरातील प्रथिनांची झीज जवळपास निम्म्याने कमी होते, असे त्यांना आढळले. म्हणजे रसातील साखर काही प्रमाणात स्नायूंचे रक्षण करते. रसातून पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षारही मिळतात.

दुसरी नोंद सांधेदुखीची. नॉर्वेतील संशोधकांनी आमवाताच्या ५३ रुग्णांवर केलेला प्रयोग १९९१ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २७ जणांना प्रथम सात ते दहा दिवस भाज्यांचे रस आणि कढण यांवर ठेवले व नंतर वर्षभर शाकाहार दिला. त्यांची सूज व वेदना लक्षणीय कमी झाल्या आणि वर्षअखेरपर्यंत तो गुण टिकला. येथे श्रेय केवळ रसाचे नाही, पुढच्या वर्षभराच्या शाकाहाराचेही आहे.

तिसरी नोंद बुखिंगर चिकित्सालयाची. तेथे चार ते एकवीस दिवस उपवास केलेल्या १४२२ व्यक्तींची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. वजन, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत घट दिसली, आणि त्रास झालेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. अर्थात ही पाहणी त्याच चिकित्सालयाशी संबंधित मंडळींची होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि प्रत्येक व्यक्ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती. तरीही ती नोंद खोडून टाकण्याजोगी नाही.

नावे बाजू

नावे बाजूसही रकमा मोठ्या आहेत. एक पेला संत्र्याचा रस काढण्यास तीन-चार फळे लागतात. त्यातील साखर पेल्यात येते आणि चोथा, म्हणजेच तंतू, चाळणीत राहतो. त्यामुळे ती साखर रक्तात झपाट्याने चढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी साखर मर्यादेत ठेवण्यास सांगितले, तीत फळांच्या रसातील साखरही मोजली आहे. रसात प्रथिने जवळजवळ नसतात. ५५ किलो वजनाच्या माणसाला रोज साधारण ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. रसावर राहणारा ती आपल्या स्नायूंतून काढून देतो, म्हणजे भांडवल मोडून खर्च भागवतो.

पहिल्या तीन-चार दिवसांत वजन झपाट्याने उतरते आणि माणूस हरखतो. पण त्यातील बरेचसे पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठविलेल्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी असते. साठा संपला की पाणीही जाते, आणि जेवण सुरू होताच दोन्ही परत येतात. शरीर आतून धुतले जाते, या समजुतीसही आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंड अहोरात्र करीतच असतात.

काही रस प्रत्यक्ष विषारी ठरतात. २०१० साली दिल्लीत कडू दुधी भोपळ्याचा रस घेतल्याने एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दुधीचा रस कडू लागल्यास तो मुळीच पिऊ नये, असा इशारा दिला. पालकासारख्या भाज्यांचा कच्चा रस फार दिवस, फार प्रमाणात घेतला तर त्यातील ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडास इजा झाल्याचेही डॉक्टरांनी नोंदविले आहे.

आणि पारण्याविषयी. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कित्येक कैद्यांचा मृत्यू, अन्न मिळाल्यावर झाला. दीर्घ उपवासानंतर एकदम साखर पोटात गेली की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये पेशींत ओढली जातात, आणि हृदयावर संकट येते. म्हणूनच मासखमणानंतर गोड रसाचे पेलेच्या पेले देणे हे वात्सल्य नसून धोका आहे. माझ्या आईच्या मुगाच्या पाण्यामागील शास्त्र ते हेच.

एक नोंद माझ्या स्वतःच्या खात्याची आहे. ती लिहिताना लाज वाटते, पण हिशेब लपवून चालत नाही. मला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. २०१४ सालच्या पर्युषणात कोणाच्या तरी सांगण्यावरून मी आठ दिवस रसावर राहण्याचे ठरविले. डॉक्टरांना विचारले नाही. गोळ्या मात्र नेहमीच्याच चालू ठेवल्या. स्थानकात लोकांना वाटले की माझी अठ्ठाई चालू आहे. त्यांनी शाता विचारली, अनुमोदना केली, आणि मी "फक्त रस घेतो" एवढे तीन शब्द बोललो नाही. चौथ्या दिवशी दुकानात कापड मोजताना हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला, आणि हातातला गज खाली पडला. नोकराने प्रसंगावधान राखून साखर तोंडात घातली. दवाखान्यात समजले की रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली होती. रसाची साखर चढली की गोळी तिला खाली ओढी, आणि सकाळी चढण्यासारखे काही उरत नसे. देह सावरला, पण न केलेल्या तपाची अनुमोदना स्वीकारल्याचा डाग त्या वर्षीच्या संवत्सरीला मनातून धुऊन काढताना फार जड गेले.

शिल्लक

दोन्ही बाजूंची बेरीज करता निष्पन्न होते ते असे. रसाहार ही एक चिकित्सा आहे. निरोगी प्रौढ माणसाने एक-दोन दिवस भाज्यांच्या रसावर काढल्यास बहुधा अपाय नाही. जिभेला विश्रांती आणि मनाला हुरूप, एवढा लाभ निश्चित. त्याहून अधिक दिवस करावयाचे असेल, तर ते जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या भगिनी, वाढत्या वयाची मुले आणि अशक्त वृद्ध यांनी स्वतःच्या मनाने या मार्गास जाऊ नये. हाच नियम तपालाही लागू आहे. पच्चक्खाण घेण्यापूर्वी गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात धर्माची कोणतीही हानी नाही.

आणि उपवास? उपवास कर्मनिर्जरेसाठी आहे. त्यातून आरोग्य मिळाले तर ते व्याज समजावे, मुद्दल नव्हे. ज्याला आरोग्य हवे त्याने रसाहार जरूर करावा, पण त्यास रसाहारच म्हणावे. ज्याला तप करावयाचे आहे त्याने शक्तीनुसार नवकारसीपासून मासखमणापर्यंत कोणतीही पायरी निवडावी. दोन खाती वेगळी ठेवली की हिशेब आपोआप जुळतो. एकाची रक्कम दुसऱ्यात घातली की दोन्ही खाती खोटी होतात, हे मी शिकलो ते बी.कॉम.च्या वर्गात नव्हे, तर आपल्याच स्थानकात.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपल्या ट्रस्टने तपस्व्यांची सेवा अखंड केली आहे. पुढील वाटचालीत पारण्याच्या व्यवस्थेबरोबर तपापूर्वीच्या आरोग्य तपासणीचीही सोय व्हावी, अशी नम्र सूचना मांडून सुवर्णमहोत्सवास मनःपूर्वक शुभेच्छा देतो. लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!